लघुपटनिर्मिती, उपलब्ध प्रकाशातील

चित्रीकरणासाठी मुद्दाम दिवे न लावता, त्या स्थळी मुळातच असलेल्या सूर्यप्रकाशात, खिडकीतून येणाऱ्या उजेडात किंवा घरातील व रस्त्यावरील नेहमीच्या दिव्यांच्या प्रकाशात अल्प खर्चाने लघुपट तयार करण्याची पद्धत. २००८ नंतर ही पद्धत मुख्यतः अंकीय एकभिंगी परावर्ती कॅमेऱ्याच्या, म्हणजे व्यवहारात डीएसएलआर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कॅमेऱ्याच्या साहाय्याने जगभर रूढ झाली. हा कॅमेरा मूलतः स्थिर छायाचित्रणासाठी बनविलेला होता. चित्रपटाचे साधन म्हणून त्याचा झालेला उपयोग आकस्मिक वाटला, तरी स्थिर छायाचित्रण व चलच्चित्रण यांच्यात शतकभर चाललेल्या देवघेवीचा तो एक टप्पा होता.

चित्रपटाच्या खर्चात प्रकाशाचा वाटा नेहमीच मोठा राहिला आहे. दिव्यांबरोबर ते हाताळणारी माणसे, ते वाहून नेणारी वाहने, विद्युत् जनित्र व त्याचे इंधन आणि हे सर्व मांडण्यास लागणारा वेळ यांचाही खर्च येतो. त्यामुळे किती कमी प्रकाशात चित्र उमटू शकते, हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. चित्रपट कोणाला काढता येईल हेही बऱ्याच अंशी त्याच्या उत्तरावर ठरते.

सूर्यप्रकाशाचा काळ : आरंभीच्या काळात चित्रपटाला सूर्याखेरीज दुसरा पुरेसा प्रकाशच नव्हता. एडिसनच्या कंपनीने १८९३ मध्ये अमेरिकेतील वेस्ट ऑरेंज येथे बांधलेल्या ‘ब्लॅक मारिया’ या चित्रणगृहाचे छप्पर उघडता येत असे आणि सूर्याच्या दिशेनुसार सबंध इमारतच रुळावरून फिरविता येत असे. लूम्येअर बंधूंनी १८९५ मध्ये आपले पहिले चित्रपट उघड्यावर घेतले. झॉर्झ मेल्येस याने १८९७ मध्ये पॅरिसजवळील माँत्रय येथे काचेच्या भिंती व छप्पर असलेले चित्रणगृह उभारले.

भारतातील आरंभही असाच झाला. मुंबईच्या वॉटसन हॉटेलमध्ये ७ जुलै १८९६ रोजी लूम्येअर बंधूंच्या चित्रपटांचे खेळ झाले. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा हे व्यवसायाने छायाचित्रकार होते. त्यांनी परदेशातून कॅमेरा मागवून १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डन येथील कुस्तीचे चित्रीकरण केले. भारतीय चित्रपटाचे पहिले पाऊल अशा रीतीने एका स्थिर छायाचित्रकाराने, एका कॅमेऱ्यानिशी व भर उन्हात टाकले. दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) च्या आधी रोपट्याची वाढ दाखविणारी एक छोटी चित्रफीत तयार केली व तिच्या आधारे भांडवल मिळविले. भांडवलाशिवाय घरच्या घरी काढलेला लघुपट पुढील कामासाठी दाखला म्हणून पुढे करण्याची ही रीत आजच्या तरुण निर्मात्यांच्याही परिचयाची आहे.

पुढे पारावाफेचे दिवे, विद्युत् प्रज्योत दिवे व नंतर तापदीप दिवे आले आणि चित्रपट बंदिस्त चित्रणगृहात गेला. त्यामुळे पावसाळा व रात्र यांचा अडथळा दूर झाला. मात्र त्याबरोबरच चित्रपटनिर्मिती हा मोठ्या भांडवलाचा उद्योग बनला.

फिल्मची संवेदनक्षमता : प्रकाशाचे गणित तीन गोष्टींवर अवलंबून असते : फिल्मची किंवा संवेदकाची प्रकाशसंवेदनक्षमता, भिंगाच्या द्वाराचा विस्तार आणि प्रत्येक चौकटीला मिळणारा उद्भासनकाल. १९५० मध्ये बाजारात आलेल्या ईस्टमन रंगीत निगेटिव्ह फिल्मची संवेदनक्षमता अवघी १६ होती. भिंगाचे द्वार एफ/२ इतके उघडे ठेवून व १/५० सेकंद उद्भासन देऊन अशा फिल्मवर चित्र घ्यावयाचे, तर विषयावर सु. ३,००० लक्स प्रकाश पडावा लागतो. तेच द्वार व तोच काल ठेवून संवेदनक्षमता ८०० केली, तर सु. ६० लक्स पुरतात. सर्वसाधारण घरातील दिव्याखाली वाचण्यास बसलेल्या माणसापर्यंत एवढा प्रकाश सहज पोहोचतो. एक मीटर अंतरावरील मेणबत्तीचा प्रकाश सु. १ लक्स, तर भर दुपारच्या उन्हाचा सु. १ लाख लक्स असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या दोन आकड्यांमधील अंतराचे महत्त्व कळते.

कृष्णधवल फिल्म या बाबतीत रंगीत फिल्मच्या पुढे होती. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीतील नववास्तववादी दिग्दर्शकांनी खऱ्या रस्त्यांवर व खऱ्या घरांत चित्रीकरण करून चित्रपटाला पुन्हा चित्रणगृहाबाहेर आणले. भारतात सत्यजित राय (१९२१–९२) यांनी ‘पथेर पांचाली’ (१९५५) चे चित्रीकरण १९५२ मध्ये कलकत्त्याबाहेर सुरू केले. त्यांचे छायालेखक सुब्रत मित्र (१९३०–२००१) यांनी तोपर्यंत चित्रपटाचा कॅमेरा हाताळलेला नव्हता. पैशाअभावी काम अनेकदा थांबले व अखेरीस पश्चिम बंगाल सरकारच्या साहाय्याने पुरे झाले. त्यानंतरच्या ‘अपराजित’ (१९५६) मध्ये बनारसच्या घरातील चौकाचे दृश्य चित्रणगृहातच उभारावे लागले. अशा चौकात वरून उतरणारा मऊ, सावली न टाकणारा उजेड थेट दिव्यांनी साधत नव्हता. मित्र यांनी चौकावर पांढरे कापड ताणून बसविले व दिव्यांचा झोत त्यावर टाकून परावर्तित प्रकाश खाली आणला. उपलब्ध प्रकाशाचे निरीक्षण करणारा छायालेखक कृत्रिम प्रकाशही अधिक खरा करू शकतो, हे या उदाहरणावरून दिसून येते.

दोन कलांमधील देवघेव : स्थिर छायाचित्रण व चलच्चित्रण यांनी एकमेकांची सामग्री वेळोवेळी उसनी घेतली आहे. जर्मन अभियंता ऑस्कार बारनाक याने चित्रपटाची ३५ मिमी. रुंदीची फिल्म छोट्या स्थिर कॅमेऱ्यात वापरली व चित्रपटाची १८ × २४ मिमी. ही चौकट दुप्पट करून २४ × ३६ मिमी. चौकट स्वीकारली. त्याचा लायका कॅमेरा १९२५ मध्ये विक्रीस आला. फिल्म अशा रीतीने चित्रपटाकडून छायाचित्रणाकडे गेली.

उलट दिशेचा प्रवास फ्रान्समध्ये घडला. झां-ल्यूक गोदार (१९३०–२०२२) याच्या ‘आ बू द सूफ्ल’ (१९६०) या चित्रपटाचा छायालेखक राउल कुतार (१९२४–२०१६) पूर्वी वृत्तछायाचित्रकार होता. उपलब्ध प्रकाशात काम करण्याइतकी वेगवान चित्रपट-फिल्म त्याला मिळेना. इलफर्ड कंपनीची एचपीएस ही वेगवान फिल्म फक्त स्थिर कॅमेऱ्यांसाठी मिळत असे व तिची गुंडाळी १७.५ मी. लांब असे. एवढ्या लांबीत जेमतेम ३८ सेकंदांचे चित्रीकरण होते. अशा गुंडाळ्या एकमेकींना जोडून कुतारने त्या चित्रपटाच्या कॅमेऱ्यात घातल्या आणि विशेष रासायनिक प्रक्रियेने तिची संवेदनक्षमता ८०० पर्यंत वाढविली. कॅमेरा आवाज करणारा असल्याने संवाद नंतर मुद्रित करावे लागले. स्थिर छायाचित्रणाची सामग्री, अल्प प्रकाश आणि ध्वनीची अडचण हे त्रिकूट पुढे अंकीय कॅमेऱ्याच्या काळात पुन्हा जसेच्या तसे अवतरले.

भिंगाच्या बाजूने याच प्रश्नाचे उत्तर स्टॅन्ली क्युब्रिकने ‘बॅरी लिंडन’ (१९७५) मध्ये शोधले. अमेरिकेच्या नासा या अंतराळ संशोधन संस्थेसाठी झाइस कंपनीने बनविलेली एफ/०.७ द्वाराची भिंगे वापरून त्याने व छायालेखक जॉन ऑल्कट याने काही दृश्ये मेणबत्त्यांच्या उजेडात घेतली. एफ/२ द्वाराच्या भिंगापेक्षा असे भिंग सु. आठपट प्रकाश आत घेते. परंतु त्यासाठी कॅमेऱ्यातच फेरफार करावे लागले. अल्प प्रकाशातील हे चित्रीकरण अल्प खर्चाचे मुळीच नव्हते.

व्हिडिओचा टप्पा : १९९५ मध्ये डेन्मार्कमधील काही दिग्दर्शकांनी ‘डॉग्मे ९५’ हा जाहीरनामा काढून विशेष प्रकाशयोजना वर्ज्य मानली. त्या नियमांनुसार टोमास विंटरबेर्ग याने तयार केलेल्या ‘फेस्टेन’ (१९९८) या चित्रपटाचे चित्रीकरण हातात मावणाऱ्या घरगुती व्हिडिओ कॅमेऱ्याने झाले होते. या कॅमेऱ्यांनी फिल्मचा खर्च वाचविला. पण त्यांचे संवेदक फार लहान होते. त्या काळच्या अनेक व्हिडिओ कॅमेऱ्यांत असलेल्या ४.८ × ३.६ मिमी. संवेदकापेक्षा २४ × ३६ मिमी. चौकटीचे क्षेत्रफळ ५० पट भरते. लहान संवेदकावर अंधारात चित्र दाणेदार येई आणि जवळचे-दूरचे सर्व सारखेच स्पष्ट दिसत असल्याने पात्राला पार्श्वभूमीपासून वेगळे काढणे कठीण जाई.

डीएसएलआरचा प्रवेश : ऑगस्ट २००८ मध्ये निकॉन कंपनीने जाहीर केलेला डी९० हा चलच्चित्र नोंदविणारा पहिला डीएसएलआर कॅमेरा होय. तो १,२८० × ७२० बिंदूंचे चित्र सेकंदाला २४ चौकटी या वेगाने, एका वेळी कमाल पाच मिनिटे नोंदवीत असे. पुढच्याच महिन्यात कॅनन कंपनीने ईओएस ५डी मार्क २ जाहीर केला. त्याचा संवेदक बारनाकच्या चौकटीएवढा, २४ × ३६ मिमी. होता व तो १,९२० × १,०८० बिंदूंचे चित्र नोंदवीत असे. अमेरिकेत भिंगाशिवाय त्याची किंमत २,६९९ डॉलर होती. वृत्तछायाचित्रकारांना स्थिर चित्राबरोबर छोटी चित्रफीतही पाठविता यावी, एवढाच या सोयीचा मूळ हेतू होता.

अमेरिकन छायाचित्रकार व्हिन्सेंट लाफोरे याने सप्टेंबर २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘रेव्हरी’ या लघुपटाने तिच्यातील वेगळी शक्यता दाखवून दिली. रात्रीच्या न्यूयॉर्क शहरात, बहुतांशी शहराच्याच दिव्यांत तो चित्रित झाला होता. हेलिकॉप्टरमधून घेतलेल्या दृश्यांमुळे तो अगदी बिनखर्ची म्हणता येणार नाही. परंतु पाहणाऱ्यांचे लक्ष वेधले ते रस्त्यावरच्या उजेडात उमटलेल्या माणसांच्या चेहऱ्यांनी.

आरंभी या कॅमेऱ्यात उद्भासन हाताने नियंत्रित करता येत नसे व चित्रांचा वेग सेकंदाला ३० चौकटी एवढाच होता. चित्रपटकारांच्या मागणीवरून कंपनीने अंतर्गत आज्ञावलीत बदल करून २००९ मध्ये उद्भासनाचे नियंत्रण व २०१० मध्ये २४ आणि २५ चौकटींचे वेग उपलब्ध करून दिले. दरम्यान कॅननचे ७डी (२००९) व ५५०डी (२०१०) हे त्याहून स्वस्त कॅमेरे आले. विद्यार्थी, हौशी नाट्यसंस्थांतील कलावंत व विवाहसमारंभांचे छायाचित्रकार यांच्या हाती प्रथमच असे साधन आले की, ज्याचे चित्र मोठ्या पडद्यावर दाखविता येईल. लीना डनम हिचा ‘टायनी फर्निचर’ (२०१०) ७डीवर चित्रित झाला. ‘हाउस’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेच्या मे २०१० मधील एका भागाचे चित्रीकरण ५डी मार्क २ ने करण्यात आले. कोसळलेल्या इमारतीच्या अरुंद जागेत मोठा कॅमेरा नेणे अवघड होते, हेही त्याचे एक कारण होते.

भारतात राम गोपाल वर्मा यांनी ‘दोंगला मुठा’ (२०११) हा तेलुगू चित्रपट या जातीच्या कॅमेऱ्यांनी पाच दिवसांत चित्रित केला. त्याच वर्षीचा अमोल गुप्ते यांचा ‘स्टॅनली का डब्बा’ हा हिंदी चित्रपट मुंबईतील एका शाळेत, ७डी कॅमेऱ्याने, छायालेखक अमोल गोळे यांनी चित्रित केला. मुलांच्या शनिवारच्या कार्यशाळांतून तो आकारास आला. मोठे दिवे, रूळ व तंत्रज्ञांचा ताफा नसल्याने मुलांच्या वागण्यातील सहजता टिकून राहिली. लहान साधनाचा लाभ केवळ पैशापुरता नसतो. कॅमेऱ्यासमोरच्या माणसावर पडणारे दडपणही त्यामुळे कमी होते.

कार्यपद्धती : ‘उपलब्ध प्रकाश’ याचा अर्थ जो मिळेल तो प्रकाश असा नव्हे, अनेक जागा व अनेक वेळा पाहून निवडलेला प्रकाश असा आहे. त्यामुळे या पद्धतीत प्रकाशयोजनेचे काम चित्रीकरणाच्या आधीच होते. निवडलेल्या खोलीत सकाळ, दुपार व संध्याकाळ बसून उजेड कोठून येतो व कोठे सरकतो याची टाचणे ठेवावी लागतात. सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकतो. संवादातील एका पात्राचे चित्रीकरण सकाळी दहाला व दुसऱ्याचे दुपारी एकला केले, तर ती दोघे एकाच खोलीत बसल्यासारखी दिसत नाहीत. ढगाळ दिवशी हा दोष कमी जाणवतो. मुंबईच्या अक्षांशावर सूर्यास्तानंतरचा उपयुक्त संधिप्रकाश जेमतेम अर्धा तास टिकतो. म्हणून अशा वेळेचे दृश्य एकाच मुद्रणात बसेल इतके आटोपशीर लिहावे लागते.

खिडकी हा घरातील मुख्य दिवा होय. पात्र खिडकीच्या जवळ व तिला काटकोनात बसविल्यास चेहऱ्याचा एक भाग उजळतो. दुसऱ्या बाजूस पांढरी चादर किंवा थर्मोकोलचा तक्ता धरल्यास सावली हवी तेवढी सौम्य करता येते. खिडकीच चौकटीत घेतल्यास बाहेरचे दृश्य पांढरेफटक पडते, कारण या कॅमेऱ्यांच्या संकोचित चित्रफितीत अतिउजेडाचे तपशील राहत नाहीत व नंतर ते परत मिळविता येत नाहीत. दिवसाचा प्रकाश (सु. ५,५०० केल्व्हिन) निळसर व तापदीप दिव्याचा (सु. २,८०० केल्व्हिन) तांबूस असतो. दोहोंचे मिश्रण डोळ्यांना खटकत नाही, कॅमेऱ्याला मात्र खटकते. म्हणून एक तर दिवा मालवावा लागतो किंवा पडदा ओढावा लागतो.

उद्भासनकाल सामान्यतः १/५० सेकंद ठेवतात. त्यामुळे हालचाल नैसर्गिक वाटते. शिवाय भारतात विजेच्या प्रवाहाची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने नळीदिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात व मंदावतात. १/५० सेकंदात अशी दोन पूर्ण आवर्तने बसतात व चित्रात लुकलुक दिसत नाही. परंतु हाच काल उन्हात अडचणीचा ठरतो. संवेदनक्षमता १०० असताना भर उन्हात द्वार एफ/२२ पर्यंत मिटवावे लागते. पार्श्वभूमी धूसर करण्यासाठी ते एफ/२.८ एवढे उघडावयाचे असल्यास प्रकाश ६४ पट कमी करणारी करडी काच भिंगापुढे लावावी लागते. रात्री प्रकाश थोडा पडतो म्हणून दिवा लागतो, तर दुपारी तो जास्त होतो म्हणून काच लागते. ५० मिमी. केंद्रांतराचे, एफ/१.८ द्वाराचे साधे भिंग या पद्धतीत सर्वाधिक लोकप्रिय झाले, कारण ते स्वस्त असूनही भरपूर प्रकाश आत घेते.

मर्यादा : स्थिर चित्रासाठी घडविलेल्या यंत्राचे दोष चलच्चित्रणात उघडे पडले. परावर्ती कॅमेऱ्यात दृश्यदर्शकाकडे प्रतिमा पोहोचविणारा आरसा चित्रफीत घेताना वर उचललेला राहतो. त्यामुळे दृश्यदर्शक निरुपयोगी होऊन मागच्या छोट्या पडद्यावर अवलंबून राहावे लागते व उन्हात तो नीट दिसत नाही. दोन कोटींहून अधिक बिंदूंच्या संवेदकातून सु. वीस लक्ष बिंदूंचे चित्र काढताना मधल्या ओळी वगळल्या जात, म्हणून चौकडीचा सदरा किंवा बारीक रेषांची साडी पडद्यावर विचित्र लहरींनी भरून जाई. संवेदक वरून खाली क्रमाने वाचला जात असल्याने कॅमेरा झटकन फिरविल्यास उभे खांब तिरपे दिसत. एका चित्रफितीस ४ गिगाबाइट ही मर्यादा असल्याने ५डी मार्क २ चे अखंड मुद्रण सु. १२ मिनिटांवर थांबे. ३५ मिमी. फिल्मची हजार फुटी गुंडाळीही सु. ११ मिनिटेच चालत असे.

सर्वांत मोठी उणीव ध्वनीची होती. कॅमेऱ्यातील ध्वनिग्राहक यंत्राचा व हाताळणीचा आवाजच अधिक पकडे. वेगळ्या मुद्रकावर संवाद घेऊन पाटीच्या टाळीवरून ते चित्राशी जुळविण्याची जुनी पद्धत त्यामुळे पुन्हा रूढ झाली. अंधुक चित्र प्रेक्षक कलात्मक मानून स्वीकारतो. न समजणारा संवाद मात्र स्वीकारत नाही. म्हणून दिव्यांवर वाचलेल्या पैशाचा मोठा भाग जाणकार निर्माते चांगल्या ध्वनिग्राहकावर खर्च करू लागले.

मूल्यमापन : डीएसएलआरचा चित्रपटातील काळ अल्प ठरला. त्याने निर्माण केलेली मागणी पाहून मोठ्या संवेदकाचे, चित्रपटासाठीच घडविलेले कॅमेरे २०११ नंतर बाजारात आले. आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांनी दृश्यदर्शकाची अडचण दूर केली. २०१४ मधील सोनी ए७एस याने तर डोळ्यांना काळोख वाटावा अशा जागीही चित्र टिपले. शॉन बेकर याचा ‘टँजरिन’ (२०१५) मोबाइल दूरध्वनीवर चित्रित झाला. उपलब्ध प्रकाशही बदलत आहे : भारतात २०१५ पासून राष्ट्रीय पथदीप कार्यक्रमाद्वारे रस्त्यांवर एलईडी दिवे लागू लागल्याने सोडियम दिव्यांची पिवळी रात्र अनेक शहरांतून नाहीशी झाली. त्या रात्रीची वास्तव नोंद अशा लघुपटांतूनच मागे राहिली आहे.

या पद्धतीने चित्रपटकलेचे लोकशाहीकरण झाले, असे म्हटले जाते. ते अंशतः खरे आहे. फिल्म, प्रयोगशाळा व दिवे यांचा खर्च गेला; पण कथा, अभिनय, ध्वनी, संकलन व प्रदर्शन यांचे श्रम तसेच राहिले आणि नोकरीच्या सुट्टीत काम करणाऱ्या निर्मात्याला पैशापेक्षा वेळ अधिक महाग पडू लागला. जतनाचा प्रश्नही नवा आहे. नीट ठेवलेली निगेटिव्ह फिल्म अनेक दशके टिकते, तर घरगुती संग्राहकावरील फाइल त्याच्या एका बिघाडाने नष्ट होते. सावेदादांच्या कुस्तीची फिल्म आज पाहावयास मिळत नाही. ज्या लघुपटांच्या प्रती वेळीच दोन-तीन ठिकाणी काढून ठेवल्या गेल्या नाहीत, त्यांचीही तीच गत होण्याचा संभव आहे.